पूर ओसरला की माणसं कुठं जातात? सांगलीतल्या एका सेवा क्लबचं प्रकरण

ऑगस्ट २०१९ च्या पुरात विश्रामबागमधल्या एका सेवा क्लबकडं एवढी पोरं कामाला आली की कुणाला काय काम द्यायचं तेच सुचत नव्हतं, आणि वर्षाच्या आत त्यातलं एकही पोरगं क्लबात उरलं नाही. दोन वर्षांनी परत पूर आला तेव्हा क्लबनं परत पहिल्यापासनं माणसं गोळा केली. त्यानंतर मात्र बरंच काही बदललं आणि आज तिथं माणसं टिकतायत. हे कसं कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं, कारण सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा कुठंही जावा, रोटरी असू दे, लायन्स असू दे, जायंट्स असू दे नाहीतर गल्लीतलं साधं तरुण मंडळ, "नवीन माणसं येत नाहीत ओ" हे एकच ऐकायला मिळतं. क्लबचं आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मी त्यांच्या कामात जवळनं आहे, मिटिंगांना बसलेलो आहे, त्यामुळं जे लिहितोय ते बघितलेलं आणि त्याच माणसांकडनं ऐकलेलं आहे.

आधी क्लब कसा होता ते सांगतो. जुना क्लब, चाळीसच्या आतबाहेर सभासद, त्यात डॉक्टर, वकील, सीए, गणपती पेठेतले आणि मार्केट यार्डातले व्यापारी, दोनतीन रिटायर्ड प्राध्यापक. माणसं चांगली, अगदी मनापासनं सांगतो. ह्यांच्या खिशातनं शाळांना बेंच गेलेत, म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, पोलिओच्या रविवारी ही माणसं सकाळपासनं बूथवर उभी राहिलीत. पोलिओचं काम रोटरीनं १९८५ ला जगभर हातात घेतलं, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याकडं सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत धरून आग्नेय आशियाचा सगळा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे असल्या क्लबांची माणसं एकाच कामावर वर्षानुवर्षं टिकून राहिली तर काय होऊ शकतं ते आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. पण ह्या क्लबात निम्म्याच्या वर लोक साठीच्या पुढचे झालेले. मिटिंग महिन्यातनं दोनदा, रात्री साडेआठला, हॉटेलात, एखाद्या पाहुण्याचं भाषण आणि मग जेवण. महिला सभासद नावालाच. लायन्सनं १९८७ ला आणि रोटरीनं १९८९ ला महिलांना सभासद व्हायला रीतसर दार उघडलं, पण आपल्याकडं कितीतरी क्लबांत बायका अजून 'वहिनी' म्हणूनच येतात, शिबिराची सगळी धावपळ त्या करतात आणि ठरावाला हात वर करायचा हक्क मात्र नवऱ्याला असतो. ह्या क्लबात पण तेच होतं.

आता पूर. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो, सांगलीत पुराचं बोलणं फुटात चालतं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्यावरचं माप हेच आमचं घड्याळ. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. जुलै उजाडला की माणसं कोयना, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस किती झाला ते बघतात आणि एकमेकाला विचारतात, "आयर्विनला किती?" २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलेलं, त्यामुळं लोकांनी मनात तेवढंच धरलेलं, ज्यांच्या घरात २००५ ला पायरीपर्यंत पाणी आलेलं त्यांनी २०१९ ला सामान माळ्यावर टाकलं आणि घरातच बसले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, टिळक चौक, मारुती चौक, स्टँड, शामरावनगर, सांगलीवाडी सगळीकडं पाणी. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जण गेले, ती बातमी आली तेव्हा सगळ्या शहराचा श्वास अडकला होता. कोल्हापूरकडं हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, चहूबाजूला पाणी आणि नळाला थेंब नाही.

विश्रामबाग उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही, म्हणून निम्मं गाव तिकडं आलं. क्लबच्या एका सभासदाचं मंगल कार्यालय होतं, तिथं चुली पेटल्या आणि पोरं यायला लागली. कोण इंजिनिअरिंगचे, कोण विलिंग्डन कॉलेजचे, कोण जिममधले, कोण बँकेतले, कोण मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. एक मार्केट यार्डातला टेम्पोवाला होता, हळदीची पोती वाहणारा, त्यानं आपला छोटा हत्ती पहिल्या दिवशी आणून लावला तो शेवटच्या दिवशी घेऊन गेला, डिझेलचे पैसे पण मागितले नाहीत. शेजारच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका पहाटे पाचला चपात्या लाटायला बसायच्या. पाणी उतरल्यावर तर काम दुप्पट झालं. घराघरातनं गुडघाभर गाळ काढायचा, मेलेली जनावरं उचलायला सांगायची, जंतू मारायची टीसीएल पावडर मारायची, घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोच्या तापाचा धोका म्हणून डॉक्टर सांगतील तशा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या पोचवायच्या, आणि मग कागद. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला सगळं लगदा झालेलं, पंचनाम्याला तलाठी यायचा तेव्हा दाखवायला कागद नाही. बँकेतल्या दोन पोरांनी टेबल मांडून फॉर्म भरून द्यायला सुरुवात केली, त्या टेबलासमोरची रांग मी बघितलेली आहे, जेवणाच्या रांगेपेक्षा मोठी होती.

सगळं निवळल्यावर क्लबनं ह्या पोरांचा मोठा सत्कार केला. हॉल भरलेला, प्रत्येकाला सन्मानपत्र, आणि शेवटी अध्यक्षांनी मनापासनं आवाहन केलं की तुम्ही सगळे आमच्यात या, क्लबला तुमची गरज आहे. सभासदत्वाचे फॉर्म वाटले. दहाबारा जणांनी भरून दिले. पुढच्या मिटिंगला त्यातले निम्मे आले, त्याच्या पुढच्या मिटिंगला दोघंतिघं, आणि वर्गणीचा दुसरा हप्ता मागायची वेळ आली तेव्हा कुणाचा फोन लागत नव्हता तर कुणी पुण्याला गेलेलं.

मग क्लबात जे बोललं गेलं ते सगळीकडं बोललं जातं. आजकालच्या पोरांना कमिटमेंट नाही, पुरात फोटो काढायला आली होती, मोबाईलमधनं डोकं वर निघत नाही वगैरे. मला ते त्या वेळीपण पटलं नाही. जी पोरं सलग आठवडाभर चिखलात उभी राहिली त्यांना कमिटमेंट नाही असं कसं म्हणायचं? चिखलात उभं राहणारी माणसं एसी हॉलमध्ये का थांबत नाहीत, हे विचारायला पाहिजे होतं आणि ते कुणी विचारलं नाही. पुढं कोविड आला. मिटिंगा बंद, सगळे आपापल्या घरात, तरी ज्येष्ठ सभासदांनी पैसे घालून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन काढून देणारी लाईटवरची मशिनं, घेतले आणि ते गरजूंना फिरवले, ते काम पुढं फार उपयोगी पडलं, त्याच्यावर येतोच.

जुलै २०२१ च्या चौथ्या आठवड्यात पाणी परत चढलं, ह्या वेळी ५४-५५ फुटांपर्यंत. आणि इथं ह्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उघडी पडली. असल्या बहुतेक क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवीन अध्यक्ष, नवीन सेक्रेटरी, नवीन खजिनदार, पदग्रहण समारंभ, हारतुरे. जगात दुसरीकडं ही तारीख चालत असेल, पण कृष्णाकाठी जुलै म्हणजे पूर तोंडावर. म्हणजे ज्या महिन्यात जुन्या माणसाची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यात सगळी जुनी माणसं बाजूला होतात आणि नवी माणसं अजून बँकेतली सही बदलायला धावत असतात. २०१९ च्या पोरांची यादी त्या वेळच्या सेक्रेटरीच्या मोबाईलमध्ये होती, व्हॉट्सॲपचा ग्रुप पूर संपल्यावर गुड मॉर्निंगचे मेसेज यायला लागले म्हणून कुणीतरी बंद केलेला, आणि मधल्या काळात पदाधिकारी दोनदा बदललेले. नव्या सेक्रेटरीनं पहिल्या दिवशी विचारलं, गेल्या पुरात बोट कुणी दिली होती? कुणालाच नंबर सापडेना. शेवटी तो टेम्पोवाला आपणहून आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये बोटवाल्याचा, भाजीवाल्याचा, जनरेटरवाल्याचा सगळ्यांचा नंबर होता.

तो पूर ओसरल्यावर सत्कार न करता, चहाला म्हणून सातआठ जणांना बोलवलं. ही कल्पना नव्या सेक्रेटरीची, बाई होत्या, शाळेत शिक्षिका, त्यांनी सरळ विचारलं की बाबांनो मागच्या वेळी तुम्ही थांबला का नाही, खरं सांगा, कुणी रागावणार नाही. मी त्या बैठकीला होतो. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, पुरात तुम्ही आम्हाला काम दिलं. नंतर तुम्ही आम्हाला खुर्ची दिली. खुर्चीत बसून काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही." एक मुलगी म्हणाली रात्री साडेआठची मिटिंग संपते साडेदहाला, घरनं कोण सोडणार, आणि मी तिथं गेले तर माझ्या वयाची मी एकटीच. एकानं वर्गणीचं सांगितलं. पैसे किती त्यापेक्षा त्याला लागलं ते हे की पैशातला मोठा वाटा जेवणाचा होता, "आम्ही पुरात डबे वाटले आणि इथं आमच्याच पैशानं पनीर खायचं, मन लागत नव्हतं." आणि टेम्पोवाला गप्पच होता. मॅडमनी विचारलं, दादा तुम्ही फॉर्म भरला नव्हता का? तर तो म्हणाला, "मला कुणी दिलाच न्हाई की ओ."

ते खरं होतं. फॉर्म वाटले तेव्हा त्याला कुणी वगळलं असं पण नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. क्लब सभासद शोधायचा तो वजनदार माणूस शोधायचा, ज्याच्याकडं पैसा आहे, ओळखी आहेत, हॉस्पिटल आहे. आणि तरुण म्हटलं की नजर जायची कॉलेजच्या पोरांवर, जी शिकून पुण्याला नाहीतर हैदराबादला जाणारच, त्यांचा काय दोष. जी माणसं सांगलीतच जगणार आहेत, रिक्षावाला, महावितरणचा वायरमन, मेडिकल दुकानवाला, बचत गटातली ताई, शाळेतले सर, अंगणवाडीतल्या बाई, ती क्लबच्या नजरेच्या बाहेर होती. मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, आणि हे एका क्लबचं नाही, आपल्या सगळ्याच संस्थांचं आहे.

मग काय केलं ते सांगतो. एकदम काही झालेलं नाही, भांडत भांडत, एकेक गोष्ट पुढं सरकली.

पहिलं म्हणजे वर्षभर चालणारं एक काम धरलं. कोविडमधले कॉन्सन्ट्रेटर क्लबकडं पडूनच होते, त्यात वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, डोकं वर उचलता येणारी फाउलर कॉट, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड, असं एकेक जमवत रुग्णसाहित्य केंद्र सुरू केलं. असली केंद्रं महाराष्ट्रात बऱ्याच गावात आहेत, कल्पना नवीन नाही. डिपॉझिट घ्यायचं, वस्तू परत आली की डिपॉझिट परत. मिरजेला उपचाराला कर्नाटकातनं, कोकणातनं माणसं येतात, सांगलीत सिव्हिल आहे, हॉस्पिटलातनं घरी सोडलेला माणूस महिना दोन महिने कॉटवर असतो आणि ही कॉट विकत घ्यायची ताकद सगळ्यांची नसते. त्यामुळं केंद्राला पहिल्या महिन्यापासनं गिऱ्हाईक कमी पडलं नाही. आणि इथं प्रत्येकाला काम मिळालं. कॉट न्यायला टेम्पो लागतो, जोडायला दोन माणसं लागतात, कॉन्सन्ट्रेटर कसा चालवायचा ते घरच्यांना शिकवायला कुणीतरी लागतं, फिल्टर धुवायला लागतो, वहीत नोंद करायला लागते. आठवड्यातनं दोन तास दिले तरी माणूस उपयोगी पडतो आणि त्याला ते दिसतं पण.

ह्या कामात एक नियम पोरांनी स्वतः केला. रुग्ण गेला तर वस्तू परत मागायला फोन करायचा नाही. तेरावा झाल्यावर त्या भागातल्या आपल्या माणसानं जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, वस्तूचा विषय घरच्यांनी काढला तरच काढायचा, नाही काढला तर परत आठवड्यानं जायचं. सुरुवातीला जुन्या सभासदांना वाटलं की अशानं निम्म्या वस्तू बुडणार. बुडाल्या नाहीत. उलट अशा घरांतनंच पुढं माणसं आली, कुणाचा मुलगा, कुणाची सून, "आमच्या बाबांना तुमची कॉट होती" असं म्हणत. भरतीचं एवढं मोठं काम दुसऱ्या कशानं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट ह्याच वहीतनं निघाली आणि ती पुराशी जोडली गेली. केंद्राच्या नोंदीत पत्ता असतो, म्हणजे कुठल्या गल्लीत कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण ऑक्सिजनवर आहे हे क्लबला आपोआप कळायला लागलं. पूर आला की पाण्यातल्या भागातली लाईट बंद करावीच लागते, नाहीतर शॉक लागून माणसं मरतील, पण लाईट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद. म्हणजे ज्याच्या नाकाला नळी आहे त्याला पाणी दारात यायच्या आधी हलवायला पाहिजे. हे लक्षात आल्यावर मे महिन्यात गल्लीवार यादी करायची ठरलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड ह्या बाजूला पाणी सगळ्यात आधी येतं, त्यामुळं सुरुवात तिथनं. अंथरुणावरची माणसं, एकटी राहणारी म्हातारी माणसं, आठवा नववा महिना लागलेल्या बायका, आठवड्यातनं दोनदा तीनदा डायलिसिसला जाणारे. आशाताईंना हे सगळं तोंडपाठ असतं आणि त्यांना कुणी मानानं विचारत नाही, इथं विचारलं. घरच्यांची परवानगी घेऊनच नाव लिहायचं, आणि यादी व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, कागदावर, प्रत्येक गल्लीच्या माणसाकडं फक्त त्याच्या गल्लीची. यादीत आयर्विनला किती फूट झालं की कुणाला फोन जाणार हे समोर लिहिलेलं.

जुलै २०२४ च्या अखेरीस पाणी चाळीस फुटांच्या आसपास आलं तेव्हा ही यादी पहिल्यांदा खरी वापरली. मोठा पूर नव्हता, पेपरात फार मोठी बातमी पण नव्हती, पण सखल भागातली जी मोजकी माणसं ऑक्सिजनवर होती ती पाणी चढायच्या आधीच नातेवाइकांकडं नाहीतर हॉस्पिटलात पोचलेली होती, आणि हे काम करणाऱ्यांत निम्म्याच्या वर बायका होत्या, त्याच गल्लीतल्या.

१ जुलैचा घोळ कसा सोडवला? तारीख तर वरनं ठरलेली, ती बदलता येत नाही. पण पूरकामाचा प्रमुख हा पदाधिकाऱ्यांच्या वर्षाशी बांधायचा नाही असं ठरवलं. त्याची नेमणूक दिवाळी ते दिवाळी. म्हणजे जुलैत अध्यक्ष नवा असला तरी पुराचा माणूस जुना असतो आणि दिवाळीत, पाऊस संपल्यावर, डोकं शांत असताना तो नव्या माणसाच्या हातात वही देतो. साधी गोष्ट आहे, पण मला विचाराल तर कृष्णाकाठच्या, पंचगंगेकाठच्या सगळ्या क्लबांनी डोळे झाकून उचलावी अशी आहे.

रक्तदानाचं पण थोडं सांगतो कारण तिथं जुन्या आणि नव्या माणसांची गाठ चांगली पडली. आधी क्लबचं वर्षातनं एक मोठं शिबिर असायचं, आकडा मोठा यायचा, फोटो यायचा. पण पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर तीन महिने आणि बाईला चार महिने परत देता येत नाही, लाल पेशी पिशवीत जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. सगळ्यांनी जानेवारीत एकाच दिवशी दिलं तर मे महिन्यात, जेव्हा कॉलेजं बंद आणि रक्ताचा तुटवडा, तेव्हा उपयोग काय? हे क्लबातल्याच पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं, ऐकणारं कुणी नव्हतं. आता मोठं शिबिर बारकं केलंय आणि दात्यांचे गट पाडलेत, ज्याची पाळी त्याला फोन. फोन करायचं काम दोन गृहिणी घरातनं करतात. मिटिंगला त्या क्वचितच येतात, पण क्लबच्या कामातलं सगळ्यात नियमित काम त्यांचं आहे.

मिटिंगचं काय झालं, तर एक मिटिंग हॉटेलातनं उठवून रविवारी संध्याकाळी पाचला शाळेच्या वर्गात आणली. चहा आणि भडंग. भाषण नाही, आधी कामाचा आढावा, मग पुढच्या पंधरा दिवसांच्या वाटण्या. दुसरी मिटिंग जुन्या पद्धतीनं हॉटेलातच होते, ज्याला जेवायचंय त्यानं जेवणाचे पैसे वेगळे द्यायचे. काही नव्या पोरांना ती बंदच करायची होती. मला वाटतं ती ठेवली हे बरं झालं. सत्तरीतली माणसं तीस वर्षं तिथं भेटतायत, एकमेकांच्या आजारपणात, पोरींच्या लग्नात उभी राहिलीत, त्यांची ती बैठक मोडून सेवेचं काम वाढलं असतं असं मला दिसत नाही. शिवाय देणगीचे मोठे चेक आजपण त्याच टेबलावर लिहिले जातात. एअर बेड आणि कॉन्सन्ट्रेटर दुरुस्तीचा खर्च तिथनंच निघतो. एक गोष्ट मात्र सीए सभासदानं सगळ्यांना घोकून घेतली, देणगी चेकनं नाहीतर ऑनलाईनच, कारण दोन हजाराच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही आणि मग तो माणूस पुढच्या वर्षी द्यायला कचरतो.

सभासद करायची पद्धत पण उलटी केली. आधी फॉर्म, मग वर्गणी, मग काम असं होतं. आता फॉर्मचं नावच काढायचं नाही. माणूस आला की त्याला एक काम, एक तारीख आणि एक जोडीदार द्यायचा. "या कधीतरी" असं म्हणायचं नाही, "गुरुवारी सहा वाजता खणभागात कॉट सोडायचीय, येणार का?" असं विचारायचं. ज्यानं वर्षभर काम केलं त्याला क्लबनं स्वतः विचारायचं, सभासद व्हायचंय का. तोपर्यंत तो सहयोगी, वर्गणी नाही. अशा सहयोग्यांतनं आता बऱ्यापैकी लोक सभासद झालेत, त्यात बँकेतला मुलगा आहे, तो आता पूरकामाचा प्रमुख आहे, आणि बचत गटातल्या एक ताई आहेत, त्या कार्यकारिणीत आहेत.

टेम्पोवाला सभासद झाला नाही. त्याला दोनदा विचारलं. तो म्हणतो, "काम सांगा, कवा पण येतो. वर्गणी भरली की माझं मन म्हणंल, आता पैशे दिले, काम कशाला." मॅडमनी वर्गणी माफ करतो म्हणून सांगितलं तर त्याला ते पण आवडलं नाही, फुकटचा सभासद नको म्हणाला. केंद्राच्या कॉट आजही त्याच्याच गाडीतनं जातात आणि दिवाळीत पुराची वही एका हातातनं दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्याला बोलवल्याशिवाय बैठक सुरू होत नाही.

ह्या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. क्लबातले एक ज्येष्ठ सर्जन, ज्यांनी आयुष्यभर क्लबला दिलंय, ते म्हणतात तुम्ही काम वाढवलं, सहयोगी वाढवले, पण सभासदांचा आकडा त्या मानानं वाढला नाही, वरच्या संघटनेला आकडा लागतो, वर्गणीतला वाटा वर पाठवावा लागतो, आणि उद्या आम्ही दहा जण गेलो तर तो वाटा आणि केंद्राचं भाडं कोण भरणार? त्यांचं म्हणणं आहे की नव्या माणसांनी कामाबरोबर संस्थेचा भार पण उचलायला पाहिजे, नाहीतर एक पिढी पैसे भरणार आणि दुसरी पिढी कामं करणार असे दोन क्लब एका बोर्डाखाली होतील. मला त्यांचं पटतं. ज्याला मत द्यायचा हक्क नाही तो किती वर्षं दुसऱ्याच्या संस्थेसाठी कॉट उचलेल, आणि ज्यानं कधी भाड्याची पावती बघितली नाही तो संस्था कशी चालवेल? मतदान आणि वर्गणी दोन्ही एकत्रच यायला पाहिजे.

त्याच्यावर आत्ता जो प्रस्ताव आहे तो असा, की वर्षभर काम केलेल्या सहयोग्यानं सभासद व्हायचं, पहिली तीन वर्षं निम्मी वर्गणी त्यानं भरायची, निम्मी ज्येष्ठ सभासदांच्या निधीतनं, आणि हळूहळू पूर्ण. सर्जन साहेबांनी त्या निधीला स्वतःचा चेक आधीच लिहून ठेवलाय. सहयोग्यांतल्या काही जणांना मात्र निम्मी पण जड वाटते, विशेषतः ज्या ताई घरकाम करून येतात त्यांना, आणि त्यांच्यासाठी महिन्याला थोडे थोडे भरायची सोय करावी असं मॅडमचं म्हणणं आहे, तर खजिनदार म्हणतात दर महिन्याला एवढ्या पावत्या कोण फाडणार. ते काम बँकेतल्या मुलानं अंगावर घेतलंय. एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत हे ठरवायचंय, कारण मे महिन्यात यादीचं काम सुरू होतं आणि मग कुणाला वेळ नसतो.